घाटात तापतो गिअरबॉक्स, बदनाम होते ‘ऑटोमॅटिक’

प्रति,
संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की दिवे घाट, खंबाटकी, वरंध अशा घाटांच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. रेडिएटर उकळला की वाफ दिसते, ड्रायव्हर थांबतो, पाणी शोधतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतो तेव्हा वाफ नाही की आवाज नाही. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा असतो इंजिनच्या कूलंटचा, तो मध्यावर शांत उभा. ऑइल त्या चढावर जळते आणि गिअर पडताना झटका बसायला, रिव्हर्सला गाडी उशिरा उचलायला पुढचे काही महिने जातात. मग गिअरबॉक्स खोलला जातो, बिल हातात येते आणि मालक चार लोकांना सांगतो की पिकअपमध्ये ऑटोमॅटिक घेऊ नका, आपल्या घाटांत ते टिकत नाही. थंड ठेवले तर चांगले टिकते. ते कसे ठेवायचे हे थोडे तपशिलात लिहितो, कारण या बाबतीत अर्धवट सल्ले फार फिरतात.

आधी एक घोळ मिटवू. क्लचचे पेडल नसले की आपल्याकडे सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. छोट्या गाड्यांतला ए.एम.टी. हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबायचे आणि गिअर बदलायचे काम यंत्र करते. त्याला हे पत्र लागू नाही. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉसच्या ऑटोमॅटिक पिकअपमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आणि सहा गिअर असतात. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, थार यांच्या ऑटोमॅटिकची जातही हीच. त्यामुळे पुढचे बरेचसे त्या मालकांनाही उपयोगी पडेल.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सचा थेट जोड नसतो. इंजिनकडचा पंखा तेल फेकतो, समोरचा पंखा त्या तेलाच्या जोराने फिरतो. दोघांच्या फेऱ्यांत फरक पडला की तेल घुसळले जाते आणि गरम होते. ताक घुसळताना भांडे तापत नाही, कारण घुसळणारा हात माणसाचा असतो. इथे घुसळणारे इंजिन दीडशे-दोनशे अश्वशक्तीचे आहे. आकड्यांतच सांगायचे तर सिग्नलला गाडी ‘डी’मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, ब्रेकवर उभी असताना इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर साधारण २५ न्यूटन-मीटर जोर कन्व्हर्टरमध्ये ओतत असते. म्हणजे जवळजवळ २ किलोवॅट, घरच्या गिझरएवढे. चढावर इंजिन ४० किलोवॅट देत असेल आणि कन्व्हर्टर त्यातले १५ टक्के खात असेल, तर ६ किलोवॅट, म्हणजे तीन गिझर. आणि चाक चिखलात अडकले असताना किंवा चढावर गाडी न हलता ॲक्सिलरेटर दाबून धरला असताना इंजिनची सगळीच शक्ती तेलात जाते. तेव्हा कन्व्हर्टरमधले तेल दर सेकंदाला काही अंशांनी चढते.

हे टाळायला कन्व्हर्टरमध्ये एक लॉक-अप क्लच असतो. तो बसला की दोन्ही पंखे एकत्र फिरतात, घुसळण थांबते. लॉक-अप बसलेला आहे की नाही हे ओळखायला मीटर लागत नाही. एकसारख्या वेगात ॲक्सिलरेटर किंचित दाबा. वेग तोच राहून फेऱ्या दोन-तीनशेने उडी मारत असतील तर लॉक-अप सुटलेला आहे. फेऱ्या आणि वेग हातात हात घालून चढत असतील तर बसलेला आहे. गिअरबॉक्स थंड ठेवण्याची निम्मी कला या एका गोष्टीत आहे.

तापमानाचे गणित. ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, म्हणजे ए.टी.एफ., ८० ते ९५ अंश सेल्सिअसला सुखात असते. या धंद्यातला जुना ठोकताळा असा की ८० च्या वर दर ११ अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते. ८० ला दीड लाख किलोमीटरच्या पुढे जाणारे तेल १०२ ला चाळीस हजारांवर येते आणि ११३ ला वीस हजारांवर. आकडे अंदाजाचेच आहेत, पण वारंवार तापलेल्या गाडीचा पॅन उघडला की त्यांची खात्री पटते. साधारण ११५-१२० च्या पुढे तेलाचा चिकट थर व्हॉल्व बॉडीत, म्हणजे गिअर बदलायला तेलाचा दाब वळवणाऱ्या भागात, बसू लागतो, त्यातले सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व) अडकतात, गिअर उशिरा पडतात. १३० च्या आसपास रबरी सील कडक होतात, दाब गळतो. १५० च्या घरात गिअरबॉक्समध्ये गिअर धरणाऱ्या क्लचप्लेटचे अस्तरच जळते. मग एक चक्र सुरू होते: प्लेट घसरते म्हणून तापते, तापते म्हणून आणखी घसरते.

आता हे तेल थंड कुठे होते ते पाहू. गिअरबॉक्समधून दोन पाइप पुढे जातात आणि बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमधून तेल फिरून परत येते. म्हणजे कूलंट ९५ अंशांवर असेल तर तेल त्याच्या खाली येणारच नाही. रेडिएटरकडे दुर्लक्ष करून गिअरबॉक्सला कूलर लावणारे हेच विसरतात. पुण्यात सध्या रस्त्यांच्या कामांची धूळ इतकी आहे की एसी कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत दोन-तीन वर्षांत धूळ, किडे, पाचट यांचा नमदा तयार होतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते, हवा मात्र आत जात नाही. वरचे प्लास्टिकचे कव्हर काढून टॉर्च मारा, मग दिसेल. धुताना इंजिन थंड हवे, पाणी साध्या नळीचे आणि फवारा इंजिनच्या बाजूकडून बाहेर. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळ धरली की ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आडव्या पडतात आणि मग हवेला वाटच राहत नाही.

कूलंटमध्ये बोअरचे पाणी कधीही नको. क्षार आतल्या नळ्यांत बसतात. डिमिनरलाइज्ड पाणी आणि काँसन्ट्रेट निम्मे-निम्मे, किंवा तयार मिश्रण. पिकअपमध्ये रेडिएटरचा पंखा बहुधा इंजिनला व्हिस्कस क्लचने, म्हणजे दाट तेलावर चालणाऱ्या क्लचने, जोडलेला असतो. इंजिन पूर्ण गरम करून बंद करा आणि पंखा हाताने फिरवा. जड फिरायला हवा. एका ढकलीत चार-पाच गिरक्या घेत असेल, किंवा मधल्या भागातून तेलकट ओघळ आलेला असेल, तर तो क्लच गेला. हायवेवर जाणवणार नाही, कात्रज-कोंढवा रस्त्याच्या गर्दीत गिअरबॉक्स शिजेल.

ग्रिलपुढच्या सजावटीबद्दल न लिहिलेलेच बरे, पण लिहावे लागते. बुलबारवर, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश राज्यांना दिले, तरी ते दिसतात. त्यावर एलईडीची आडवी पट्टी, नंबरप्लेटच्या बाजूला झेंडे, आणि सणासुदीला ग्रिलवर बांधलेला मंडळाचा फ्लेक्स. फ्लेक्स बांधून मिरवणुकीत चार तास पायी चालीने गाडी हाकणे म्हणजे गिअरबॉक्सला गोधडी पांघरून चुलीजवळ बसवणे.

रेडिएटरमधला हा कूलर आतून फुटला तर फार वाईट. कूलंट आणि ए.टी.एफ. एकत्र होऊन गुलाबी दुधासारखे मिश्रण तयार होते. कूलंटच्या टाकीत किंवा गिअर ऑइलमध्ये असे काही दिसले तर गाडी एक किलोमीटरही चालवू नये, टो करून न्यावी. ग्लायकोल आणि पाणी क्लचप्लेटचे अस्तर प्लेटपासून सोडवतात. नुसते तेल बदलून हे सुटत नाही. रेडिएटर बदलणे, कन्व्हर्टरसह सगळे धुणे, आणि गाडी त्या स्थितीत बरीच चाललेली असेल तर गिअरबॉक्स खोलणे, हाच मार्ग.

वेगळा, हवेवर चालणारा जादा कूलर लावावा का? गाडी नेहमी भरून घाट चढत असेल, ट्रेलर ओढत असेल किंवा मुळशी-वेल्ह्याच्या कच्च्या चढांवर रोज जात असेल, तर लावावा. शहरात रिकामी फिरणाऱ्या गाडीला गरज नाही. वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या, नाहीतर पुढे हात वर केले जातात. घ्यायचाच तर एकावर एक पट्ट्या रचलेला प्लेट-फिन प्रकारचा घ्यावा. वेटोळ्या नळीवर पत्रे बसवलेला कूलर स्वस्त असतो, पण त्याच आकारात तो बराच कमी उष्णता काढतो.

बसवण्यात बहुतेक चुका होतात. जादा कूलर रेडिएटरमधल्या कूलरच्या नंतर, परतीच्या लाइनमध्ये लावायचा. आधी लावला तर थंड केलेले तेल पुन्हा गरम कूलंटमध्ये बुडवल्यासारखे होते. परतीची लाइन कोणती हे अंदाजाने ठरवू नये. गाडी चालवून आणा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही पाइप मोजा: जास्त गरम तो जाणारा, कमी गरम तो परतीचा. कूलर कंडेन्सरच्या पुढे, दोघांत २० ते २५ मिलिमीटर अंतर ठेवून, पत्र्याच्या ब्रॅकेटवर बसवावा. किटबरोबर येणाऱ्या प्लास्टिकच्या काड्या कंडेन्सरच्या जाळीतून आरपार घालून कूलर अडकवण्याची पद्धत सोपी आहे खरी, पण घाटाच्या हादऱ्यांत त्या काड्या नळी घासतात आणि वर्षभरात एसीचा गॅस जातो. कूलरची तोंडे वर किंवा आडवी ठेवावीत, खाली ठेवली तर आत हवा अडकून राहते.

होजवर पैसे वाचवू नका. ट्रान्समिशन कूलरसाठी बनवलेलाच होज हवा. त्यासाठी एस.ए.ई. जे१५३२ हे मानक आहे, ते होजवर छापलेले पाहून घ्या. डिझेलचा किंवा कूलंटचा होज गरम ए.टी.एफ.ने फुगतो, मऊ पडतो आणि एके दिवशी क्लिपमधून निसटतो. मग काही मिनिटांत गिअरबॉक्स कोरडा. होज सायलेन्सरपासून दूर, वळण मोठे, चॅसिसला घासेल तिथे रबराची बाही. क्लिप इतकीही आवळू नये की होजच कापला जाईल. कूलर बसवल्यावर लिटरभरापर्यंत जास्त तेल लागू शकते. गाडी चालवून पातळी पुन्हा तपासणे कुणी करत नाही, आणि तिथेच घात होतो.

पातळीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते. खाली ओव्हरफ्लोचा बोल्ट असतो. गाडी सपाट रॅम्पवर, इंजिन आयडलला चालू, गिअर सगळे एकदा फिरवून ‘पी’मध्ये (पार्किंग), आणि तेलाचे तापमान स्कॅनरवर कंपनीने दिलेल्या पट्ट्यात, बहुधा ४० अंशांच्या आसपास, असताना तो बोल्ट उघडायचा. तेलाची बारीक धार येऊन थेंबांवर आली की पातळी बरोबर. तेल ७०-८० अंशांवर असताना तपासले तर ते फुगलेले असते, जास्त बाहेर येते आणि गाडी कमी तेलावर जाते. कमी तेलात गिअरबॉक्समधला तेलाचा पंप हवा ओढतो, दाब पडतो, प्लेट घसरते. जास्त भरले तर फिरणारे भाग ते फेसाळतात आणि फेसातही दाब धरत नाही. दोन्हीचा शेवट तापण्यातच.

आता ‘आयुष्यभराचे तेल’. हा शब्द कंपन्यांनी वापरला, शोरूमनी तो पाठ केला. आयुष्य कोणाचे, हे कुणी सांगत नाही. मालकाच्या मॅन्युअलमध्ये शेवटी ‘कठीण वापर’ असा तक्ता असतो: ओझे, टोइंग, डोंगराळ रस्ते, धूळ, सतत थांबत-चालत जाणे. पुण्यात राहून सातारा, महाड, सासवड करणाऱ्या पिकअपला यातले काय लागू होत नाही ते सांगा. अशा वापरात ४० ते ६० हजार किलोमीटरला तेल बदलावे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

ड्रेन बोल्ट उघडून सगळे तेल निघत नाही, बरेचसे कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहते. एकूण १० लिटर असेल तर सुमारे ४ लिटर निघते. म्हणजे एकदा बदलल्यावर ४० टक्के नवे, मध्ये थोडी गाडी चालवून दुसऱ्यांदा बदलल्यावर ६४ टक्के, तिसऱ्यांदा ७८ टक्के. तीन वेळा काढून भरणे हा खर्चिक पण सुरक्षित मार्ग. पॅन उघडलाच असेल तर फिल्टर आणि गॅस्केट बदला, आतले चुंबक पुसा. चुंबकावर राखाडी मऊ लेप असणे नेहमीचे आहे. चमकणारे कण किंवा पत्र्यासारखे तुकडे दिसले तर तेल बदलून पुढे जाऊ नका. पॅनचे बोल्ट बारीक असतात, साधारण ७ ते १० न्यूटन-मीटरला आवळायचे. हाताच्या अंदाजाने जोर लावला की पॅन वाकतो आणि गळती कायमची. तेल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच घ्यावे. ‘सगळ्यांना चालते’ असा डबा घर्षणाच्या बाबतीत सगळ्यांना चालत नाही, लॉक-अप बसताना गाडी थरथरू लागते. नुसत्या रंगावरून निर्णय घेऊ नये, काही ए.टी.एफ. चांगली असतानाही लवकर काळपट होतात. जळका वास हा जास्त विश्वासाचा पुरावा.

चालवण्याचे सांगायचे तर चढ सुरू होण्याआधीच गिअर लिव्हर मॅन्युअलकडे घेऊन तिसरा किंवा चौथा धरावा. ‘डी’मध्ये सोडले की संगणक पाचवा टाकतो, फेऱ्या १४००-१५०० वर पडतात, गाडी गुदमरते, लॉक-अप सुटतो, चौथा पडतो, पुन्हा पाचवा. ही ये-जा तेलाला सर्वात जास्त तापवते. खालच्या गिअरमध्ये २००० ते २८०० फेऱ्यांवर लॉक-अप टिकतो, पंप जास्त तेल फिरवतो, रेडिएटरचा पंखाही जोरात फिरतो. आवाज वाढतो म्हणून घाबरू नये. चढावर रांगेत थांबताना ॲक्सिलरेटरवर गाडी धरू नका, ब्रेकवर धरा. पुढची गाडी तीन फूट सरकली की आपणही सरकायचे ही सवय सोडून दहा-पंधरा मीटर जागा होऊ द्या, मग एकदाच जा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. कच्च्या, तीव्र चढावर फोर-बाय-फोरचा ‘लो’ वापरा, कन्व्हर्टरवरचा भार लगेच कमी होतो. कोरड्या डांबरावर मात्र तो लावायचा नाही.

सिग्नलला ‘एन’ (न्यूट्रल) करावे का, यावर वाद आहेत. मिनिटाच्या आत असेल तर ‘डी’ ठेवा, दर वेळी क्लच सोडून बसवण्यात तेवढीच झीज आहे. रेल्वे फाटकासारखा थांबा लांबला तर ‘पी’ किंवा हँडब्रेकसह ‘एन’. उतारावर ‘एन’ टाकून डिझेल वाचवणे मात्र पूर्ण बंद करा: इंजिन आयडलला असल्याने पंप हळू, चाकांमुळे गिअरबॉक्सचे आतले भाग जोरात, आणि ब्रेकवर सगळे ओझे.

ओझे आर.सी.वरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून काढावे, आणि त्यात बसलेली माणसेही धरावीत. मोठे टायर हा आणखी एक गुपचूप घाव: २६५/६० आर १८ च्या जागी २८५/७० आर १७ लावले की व्यास ७ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच उंच होतो आणि लॉक-अप उशिरा बसतो. पावसाळ्यात तापलेल्या गिअरबॉक्ससकट खोल पाण्यात गाडी घालू नका. आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवा ये-जा करायच्या तोंडातून, पाणी ओढले जाते. ब्रीदरची नळी बॉनेटपर्यंत उंच नेणे सोपे काम आहे.

तापमानाचा इशारा आलाच तर इंजिन लगेच बंद करू नका. बाजूला घ्या, ‘पी’ करा, एसी बंद करा, फेऱ्या १२०० ते १५०० ठेवा. ‘पी’मध्ये कन्व्हर्टरचे पंखे जवळजवळ एकत्र फिरतात, उष्णता तयार होत नाही आणि तेल कूलरमधून फिरत राहते. पाच-दहा मिनिटांत उतरते. इंजिन बंद केले तर फिरणेच थांबते. कूलंटचा काटाही लाल पट्ट्यात गेला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा इंजिनचा जीव आधी.

आमची मागणी वाहन कंपन्यांकडे आहे. ए.टी.एफ.चे तापमान गाडीच्या संगणकाला प्रत्येक क्षणी माहीत असते, ओ.बी.डी.च्या, म्हणजे गाडीच्या संगणकाची तपासणी करायच्या, खोबणीत अडॅप्टर लावून अनेक गाड्यांत ते मोबाइलवर वाचता येते. मग ते डॅशबोर्डवर दाखवायला काय हरकत आहे? आणि भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीच्या सर्व्हिस बुकमध्ये घाट, धूळ आणि ४० अंशांचा उन्हाळा धरून तेल बदलण्याचा आकडा पहिल्या पानावर छापावा. आपल्या वाहनविषयक पुरवणीत नव्या गाड्यांची चाचणी छापून येते, तिच्यात मायलेज असते, शून्य ते शंभरचा वेळ असतो. पुढच्या वेळी खंबाटकीच्या माथ्यावर, भरलेल्या गाडीत, ए.टी.एफ. किती अंशांवर होते तो आकडाही छापा, ही विनंती.

आपले,
ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे काम करणारे काही कारागीर, पुणे